चार दाते कमी

सासूबाई माझ्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आल्या, त्या इंजिन घेऊन.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईंनी माझ्या गॅरेजचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. मुलगी द्यायच्या वेळी त्यांनी माझी बोटं पाहिली, नखांतलं काळं ग्रीस पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे धुतल्यावर जातं का?" मी खरं ते सांगितलं, "नाही." तेव्हापासून त्यांच्या घरी गेलो की दारातच चौकशी होते, "जावईबापू, हात धुतलेत?" मी लोकांच्या हौसेच्या मोटरसायकली बांधतो. एका गाडीची चेसिस, दुसरीचं इंजिन, तिसरीची चाकं आणि वर गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं खूळ, असं सगळं जुळवून रस्त्यावर पळवतो. सासूबाईंच्या लेखी हा धंदा नाही, लांबलेला उनाडपणा आहे.

तर एका सकाळी छोटा टेम्पो दारात थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी सासूबाई, मांडीवर पर्स, बसण्याचा थाट असा की ड्रायव्हरच त्यांच्याकडे पाहुणा आलाय. मागे जुन्या चादरीत काहीतरी जड गुंडाळलेलं. मी आणि ड्रायव्हरने ते उतरवलं, चादरीची गाठ सोडली आणि माझ्या तोंडून शिवी गेली. चांगल्या अर्थाची होती, पण सासूबाईंसमोर गेली.

ते सासरेबुवांचं इंजिन होतं. एका सिलिंडरचं, जुनं, लांब दांड्याच्या किकवर धडधडणारं. सासरेबुवा गेले, गाडी मागच्या पडवीत सडली आणि माझ्या मेहुण्याने एक दिवस भंगारवाल्याला बोलावलं. सगळी गाडी गेली. इंजिन मात्र सासूबाईंनी जाऊ दिलं नाही. "हे सोडून जा, नाहीतर तुलाच वजनावर घालते," असं त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं म्हणे. नंतर ते त्यांच्या पलंगाखाली होतं. घरात कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

"यावर गाडी बांधा," सासूबाई म्हणाल्या. "आणि नीट ऐका. ती घरच्या चढावरून स्वतःच्या चाकांवर वर आली पाहिजे. टेम्पोत घालून नाही."

सासूबाईंचं घर ज्या गल्लीत आहे, ती गल्ली कमी आणि भिंत जास्त आहे. पोस्टमन खालच्या वळणावर सायकल टेकवतो आणि शिव्या मोजत वर जातो. नवी कार असली तरी लोक खालीच उभी करतात.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही बांधा. चालवणाऱ्याचं मी बघते." मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. इथे हात धुतलेत का विचारायची सोय नव्हती, हे त्यांच्याही लक्षात आलं. त्या टेम्पोत बसून निघून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी मेहुणा हजर. मेहुणा ऑफिसात साहेब आहे आणि घरी आल्यावरही ते विसरत नाही. बूट तेलाला लागू नयेत म्हणून तो माझ्या गॅरेजमध्ये वर्तमानपत्र अंथरून त्यावर उभा राहिला.

"भाऊजी, आईच्या भावना आहेत. मला मान्य आहे. मी हॉलमध्ये लाकडी चौथरा करून घेतोय. वर एक दिवा. बाबांची गाडी तिथे उभी करू. येणारे-जाणारे बघतील."

"आई तर म्हणाल्या, चढावरून चालवत आणायची."

"ती काहीही म्हणते. त्या वयात माणसाला असं वाटतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही उगाच गिअरबॉक्स-बिअरबॉक्स शोधत बसू नका. बाहेरचं कवच लावा. आतून पोकळ असलं तरी कुणाला कळतंय?"

माझं डोकं फिरलं. मी आयुष्यात खोटं बोललोय, उशिरा गाड्या दिल्यात, गिऱ्हाइकाचा फोन उचललेला नाही. पण पोकळ गिअरबॉक्स? "तुझ्या डोक्यावरून सुचलं का हे?" मी म्हणालो. तो वर्तमानपत्राची घडी घालून गेला. संध्याकाळी बायकोने मला फैलावर घेतलं. "माझ्या भावाला असं बोलतात?" मग जरा थांबून ती म्हणाली, "तसं बरोबरच आहे म्हणा."

आता जरा कामाचं सांगतो. आजच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पोटात असतात. या जुन्या इंजिनाला गिअरबॉक्स वेगळा लागतो, आणि दोघांच्या मध्ये एक छोटी साखळी किंवा पट्टा. इंजिनाच्या दांड्यावर एक दातेरी चक्र, स्प्रॉकेट, त्यावरून चेन क्लचवर जाते, क्लचमधून गिअरबॉक्सला, आणि तिथून दुसरी चेन मागच्या चाकाला. म्हणजे इंजिन कितीही उड्या मारो, चाकाला काय मिळणार ते हा मधला संसार ठरवतो. इंजिन आमच्याकडे होतं. मधलं काहीच नव्हतं.

म्हणून मी जुन्या बाजारात अर्धवटकडे जायला निघालो. अर्धवट हा पार्टवाला. त्याच्या दुकानात एकही वस्तू पूर्ण नसते, म्हणून नाव अर्धवट. गॅरेजबाहेर पडतो तर सासूबाई उभ्या. "मीही येते," त्या म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला. कपाळाला ग्रीस लागलं.

अर्धवटच्या दुकानात बसायला खोकी असतात. सासूबाईंनी एक खोकं पुसलं, त्यावर बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवली. मी गिअरबॉक्स बघायला लागलो. चार चांगले दिसले. पैकी एक फारच देखणा होता, पाच गिअरचा, कुणीतरी शर्यतीच्या गाडीतून काढलेला, बाहेरून आरशासारखा घासलेला. मी त्यावर हात फिरवत होतो, तेवढ्यात मागे खटक्, खटक् आवाज आला. सासूबाईंनी दुसरा एक कळकट गिअरबॉक्स पायाशी ओढून घेतला होता. डाव्या हाताने त्याचा दांडा फिरवत होत्या आणि उजव्या हाताने गिअरचा खटका वर-खाली करत होत्या. डोळे मिटलेले.

"हा चार गिअरचा आहे," त्या म्हणाल्या. "तिसरा जरा खातोय. बाकीचे साफ आहेत."

अर्धवटने माझ्याकडे पाहिलं, मी अर्धवटकडे. मी पुढे होऊन तिसरा टाकून पाहिला. खरंच एक दाता झिजलेला होता, खटका अडखळत होता.

"आई, तुम्हाला हे कसं…"

"लग्नाआधी मी गाडी चालवायचे." मी पूर्वी चष्मा लावायचे, असं सांगावं तशा सुरात त्या म्हणाल्या. "वडिलांची बेकरी होती. पाव पोचवायला साइडकारवाली मोटरसायकल होती. सकाळची फेरी माझी असायची."

"मग?"

"मग लग्न झालं. मागे बसायला लागले."

बायकोला हे ठाऊक नव्हतं. मेहुण्याला तर नव्हतंच. इतकी वर्षं या बाई मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसल्या आणि पुढच्या माणसाचा प्रत्येक गिअर मनात मोजत आल्या, हे ऐकून मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल काहीतरी वाटलं. आदर म्हणायला जीभ वळत नाही, पण त्याच घरातलं काहीतरी. आणि चालवणारा कोण, हेही कळलं. मेहुण्याच्या चौथऱ्याचं काय होणार याचा विचार करून मला आतून गुदगुल्या झाल्या.

पाच गिअरचा देखणा मला सोडावासा वाटत नव्हता. सासूबाईंनी त्याचा पहिला गिअर टाकून दांडा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "याचा पहिला फार लांब आहे. हा सपाटीवर मिरवायचा." कळकट चार गिअरवाला ठरला. तिसऱ्याची जोडी अर्धवट दुसऱ्या एका अर्ध्या गिअरबॉक्समधून काढून देणार होता. मी आत माल शोधत असताना सासूबाई अर्धवटशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. त्याने फडताळातून काहीतरी काढून दिलं, त्यांनी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. मला वाटलं, खिळे-बिळे असतील घरासाठी. बाई कुठूनही रिकाम्या हाताने परतत नाहीत.

त्यानंतर सासूबाई गॅरेजमध्ये येतच राहिल्या. चेसिस मी दुसरीकडून आणली, गिअरबॉक्स उघडून नव्या बेअरिंगा घातल्या. क्लचचा दांडा त्या दाबून बघायच्या. "कडक आहे." मी स्प्रिंगा बदलल्या. "अजून कडक." मी आतली तार बदलली, दांडा लांब केला. "आता माझ्या मनगटाला चालेल." ते मनगट एकदा मोडलेलं होतं, त्या कधी बोलल्या नव्हत्या.

खरं भांडण झालं ते इंजिन आणि क्लचच्या मधल्या भागावरून. माझ्या मनात उघडा बेल्ट होता. रुंद, काळा रबरी पट्टा, दोन चकचकीत पुल्या, वर झाकण नाही. गाडी उभी असली तरी लोक थांबून बघतात, चालू असली तर विचारूच नका. तेल नाही, गळती नाही, आवाज नाही. मी कॅटलॉग उघडून सासूबाईंसमोर धरला.

"यातली पुढची पुली बदलता येते का? लहान?"

"बेल्टला एकच माप येतं, आई. पण बदलायची कशाला? दिसतंय किती भारी!"

"कपडा अडकेल."

"गार्ड लावतो."

"तरी नको. चेन लावा. पत्र्याच्या पेटीतली, तेलात बुडालेली. तिचं पुढचं चक्र बदलता येतं."

"चेन खडखडते."

"खडखडू दे. मी काय झोपायला बसणारे त्यावर?"

मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो. बायको म्हणाली, "गाडी तुझी आहे की तिची?" असले प्रश्न बायका नेमके जेवताना विचारतात. मी चेन आणली. पत्र्याची पेटी ठोकून सरळ केली, आत तेल भरलं, क्लच बसवला. राहिलं फक्त इंजिनाच्या दांड्यावरचं स्प्रॉकेट.

आणि इथे मी माझ्या जातीची चूक केली. गाड्या बांधणाऱ्या लोकांना एक रोग असतो. जगातल्या कुठल्याही गोष्टीची आम्ही टिंगल करतो, पण एखादा जुना पार्ट मूळ मालकाने स्वतःच्या हाताने बसवलेला निघाला, की आमचे डोळे भरून येतात. इंजिनाबरोबर चादरीत सासरेबुवांचं स्प्रॉकेट आलं होतं. तेवीस दात्यांचं. कंपनीने लहान दिलं होतं, त्यांनी ते काढून हे मोठं बसवलं होतं. मोठं चक्र म्हणजे सपाट रस्त्यावर वेग जास्त. मी ते रॉकेलमध्ये धुतलं, ब्रशने घासलं, दाते तपासले. एकही झिजलेला नव्हता. मी ते मोठ्या भक्तिभावाने दांड्यावर चढवलं.

सासूबाई बघत होत्या. "हे बदलता येतं ना?"

"छे छे, आई! हे बाबांच्या हातचं आहे. हे कसं बदलायचं?"

त्या पर्सवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. मलाही आलं होतं.

गाडी तयार झाली. टाकीला साधा हिरवा रंग, एकच लांब सीट, दिव्याला जाळी. पहिल्या किकला ती शिंकली, तिसऱ्या किकला धडधडायला लागली. पेटीतली चेन खडखडत होती आणि तो आवाज मला आवडला, हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. मी आधी एकटा चढावर जाऊन आलो. कुरकुरत का होईना, चढली. मग सासूबाईंना म्हणालो, "चला, तुम्हाला घरापर्यंत फिरवून आणतो. उद्या तुम्ही चालवा."

त्यांनी हेल्मेट घातलं आणि मागे बसल्या. बाजारातून, पुलावरून, शाळेच्या भिंतीलगतून आम्ही मजेत गेलो. सपाटीवर गाडी अशी सुटली की मी मनात सासरेबुवांना सलाम केला. चढाच्या खालच्या वळणावर आलो, मी गिअर खाली टाकला, आणि खांद्यावर दोनदा टकटक झाली. मी थांबलो. मागे वळेपर्यंत सासूबाई खाली उतरल्या होत्या.

"काय झालं?"

"तुम्ही व्हा पुढे. मी येते." आणि त्या चालायलासुद्धा लागल्या.

"अहो आई, बसा की! आपण दोघं जाऊ."

"नाही चढायची."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी बांधलेली गाडी, आणि नाही चढायची? "बसा," मी म्हणालो. "बसाच. मी चढवून दाखवतो." त्या शांतपणे परत आल्या, बसल्या. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी निघाली. थोडी चढली, जोर कमी झाला. मी क्लच जरा दाबून इंजिन तापवलं, जळका वास यायला लागला. मधल्या गटाराच्या झाकणापाशी ती एकदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि बंद पडली. दोन्ही ब्रेक गच्च धरून मी उभा. गाडी मागे सरकत होती, माझे पाय घसरत होते. सासूबाई आपल्या उतरल्या आणि त्यांनी मागच्या चाकाखाली दगड सारला. दगड कुठे असतो हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं, भिंतीच्या कडेला, न बघता उचलला.

"खाली उतरायला विसरले तर इथे उतरावं लागायचं," त्या म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. लग्नाच्या वेळी गाडीला एकोणीस दात्यांचं चक्र होतं, दोघंही वर जायचो. मग कुणा मित्राच्या गाडीने यांना पुलावर मागे टाकलं. दुसऱ्या दिवशी तेवीसचं आणलं. वेग मिळाला, चढावरचा जोर गेला. तेव्हापासून मी खाली उतरायची आणि चालत यायची. पोटात मुलगी होती तेव्हाही. ताप होता तेव्हाही." त्या सावकाश बोलत होत्या, चढावर दम राखून बोलायची सवय असलेल्या माणसासारख्या. "माणूस वाईट नव्हता हो. कधी आवाज चढवला नाही, कधी प्यायले नाहीत. बाजारातून येताना तर माझ्या हातातल्या पिशव्या घ्यायचे. टाकीवर ठेवून वर घेऊन जायचे."

"पिशव्या?"

"पिशव्या वर. मी चालत. वर पोचले की इंजिन चालू ठेवून वाट बघायचे. म्हणायचे, किती हळू येतेस."

मला हसू आलं आणि त्याच वेळी लाज वाटली. मी ज्या चक्राला रॉकेलने आंघोळ घातली होती, ज्याच्यासाठी माझे डोळे भरले होते, तेच या बाईला आयुष्यभर खाली उतरवत होतं. आणि त्या मला विचारत होत्या, बदलता येतं का, आणि मी म्हणत होतो, छे छे. माझा माझ्यावरच असा संताप झाला की मी ते स्प्रॉकेट तिथेच, चढावर, हाताने उपटलं असतं.

"मला तेव्हाच सांगायचं ना, आई!"

"तुम्ही इतके भक्तीत होतात. म्हटलं, जाऊ दे, एकदा स्वतः अडकले की कळेल." त्यांनी पर्स उघडली. आतून रुमाल काढला, रुमालातून एकोणीस दात्यांचं स्प्रॉकेट. अर्धवटकडून आणलेलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते या पर्समध्ये गॅरेजला येत-जात होतं.

त्याच दिवशी मी पेटी उघडली. तेल काढलं, तेवीसचं उतरवलं, एकोणीसचं चढवलं. चेन ढिली पडली, तिचे दोन दुवे काढले, पुन्हा जोडली. सासूबाई शेजारी खोक्यावर बसून बघत होत्या. एकदा माझ्या हातातून पाना निसटला, तो त्यांनी उचलून दिला. त्यांच्या बोटांना काळं लागलं. मी कापूस दिला, त्यांनी पुसलं. पूर्ण गेलं नाही.

"हे धुतल्यावर जातं का?" मी विचारलं.

"गप्प बसा, जावईबापू," त्या म्हणाल्या.

गाडी घरी न्यायच्या दिवशी मेहुणा खालच्या वळणावर टेम्पो घेऊन उभा. त्याने दोऱ्या आणल्या होत्या, गाद्या आणल्या होत्या, दोन हमालही आणले होते. वर हॉलमध्ये चौथरा तयार, दिवा लावलेला. इतक्यात पुलाकडून खडखडाट आला आणि सासूबाई स्वतः गाडी चालवत वळणावर आल्या. मागे कुणी नाही. मेहुण्याचा चेहरा बघण्यासाठी मी बायकोला घेऊन चालत आधीच येऊन थांबलो होतो, आणि ती वाट बघणं वसूल झालं.

"आई! तू? उतर! उतर आधी! भाऊजी, तुम्ही तिला…"

"बस मागे," सासूबाई म्हणाल्या.

"मी? मी चालत येतो."

"बस म्हटलं ना."

मेहुणा बसला. साहेब असला तरी आईपुढे त्याने शेपूट घातली. सासूबाईंनी पहिला टाकला आणि गाडी चढायला लागली, घाई नाही, कुरकुर नाही, चेन खडखडतेय आणि एकेक धडधड मोजून पुढे. गटाराच्या झाकणापाशी मेहुण्याने घाबरून दोन्ही पाय खाली सोडले. "पाय वर घे," सासूबाई ओरडल्या. "इथे कुणी उतरत नाही!" दोघं वर पोचले. हमाल टाळ्या वाजवत होते. त्यांना काम करावं लागलं नव्हतं.

आम्ही चालायला लागलो. चार पावलं टाकली असतील, वरून परत खडखडाट. सासूबाईंनी मेहुण्याला वर सोडून गाडी वळवली होती आणि त्या खाली येत होत्या. बायकोसमोर थांबल्या. "बस." बायको बसली. ती आईच्या पाठीला इतकी घट्ट चिकटली की मला जरा मत्सर वाटला. त्या तिलाही वर सोडून आल्या आणि परत खाली, माझ्यासाठी.

मेहुण्याच्या चौथऱ्याचं म्हणाल तर तो वाया गेला नाही. दिव्याखाली, मखमलीच्या तुकड्यावर, आता तेवीस दात्यांचं एक स्प्रॉकेट ठेवलेलं आहे. सासूबाईंनीच ठेवलं. पाहुणे विचारतात, हे काय? मेहुणा सांगतो, बाबांची आठवण. सासूबाई पाहुण्यांना पाणी आणून देतात.

तर त्या दिवशी माझी पाळी शेवटची. मी मागे बसलो. मागून या बाईंना मी प्रथमच पाहत होतो. पाठ ताठ, कोपर सैल, क्लचवर दोनच बोटं. मधल्या झाकणापाशी आलो तशी माझी मांडी सीटवरून आपोआप उचलली गेली. आदल्या वेळची धास्ती अंगात होती. गाडी मात्र अडखळलीसुद्धा नाही. मला राहवलं नाही.

"आई, तुम्ही बाबांना कधी सांगितलं नाहीत? चार दात्यांचा तर प्रश्न होता."

चढ संपेपर्यंत त्यांची नजर समोरच होती. मला वाटलं, खडखडाटात ऐकू गेलं नसेल. वर पोचल्यावर त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"सांगितलं होतं. एकदा." त्या समोरच बघत होत्या. "म्हणाले, तुला काय, दोन मिनिटं तर चालायचंय. तेही खरंच होतं. दोनच मिनिटं लागायची."

मी तसाच मागे बसून राहिलो. सासूबाईंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आता उतरा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "घर आलं."